जाणते मन आणि अजाण हात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या भाईंदरच्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांपुढे ‘संसर्गजन्य रोग आणि आपले कर्तव्य’ या विषयावर चार शब्द बोलावे, असे मला बोलावणे आले. मी वैद्य नाही की डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आणि सायंकाळी देवळात हरिपाठ म्हटला, एवढीच माझी पुंजी. परंतु मास्तराला बोलावणे आले की त्याच्या तोंडून नाही निघत नाही, ही त्या पेशाचीच खोड आहे.

सत्तर-ऐंशी मुले-मुली जमली होती. व्याख्यानाचा आरंभ प्रश्नांनी करावा ही माझी जुनी रीत. विचारले, “डेंग्यूचा डास चावतो केव्हा?” सगळे म्हणाले, “दिवसा, सर!” “अंडी कुठं घालतो?” “साठवलेल्या स्वच्छ पाण्यात!” “पुराच्या पाण्यातून पायाला जखम असताना चाललं तर?” “लेप्टो!” आणि हा रोग उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरतो, हेही एकाने न विचारता सांगितले. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली, तेव्हा यांतली बहुतेक पोरे जन्मलीही नव्हती. तरी ठाऊक होते. “क्षय पसरतो कशाने?” “हवेतून!” “खोकला किती दिवस टिकला म्हणजे थुंकी तपासून घ्यावी?” “दोन आठवडे!” साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले. आमच्या काकड आरतीलासुद्धा एवढा एक सूर लागत नाही.

मी खूष झालो. म्हटले, यांना शिकवायला मी कशाला हवा? तरी आलोच होतो म्हणून बोललो. हात वीस सेकंद साबणाने का धुवावे, साबणाने जंतूंवरचे स्निग्ध कवच कसे फुटते, हात चिखलाचे असतील तर ती मद्यार्काची बाटली का उपयोगाची नाही, असे सगळे सांगितले. बोलणे आटोपत आले आणि मला खोकल्याची उबळ आली. रुमाल काढेपर्यंत दोन वेळा मोकळाच खोकलो. पाणी प्यालो. आता काही शंका असल्या तर विचारा, असे म्हणालो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “सर, तुमचा खोकला किती दिवसांचा आहे?”

तिच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. मी शिकविले तेच ती विचारीत होती.

मी म्हणालो, “असेल, आठ-दहा दिवसांचा.”

वाचकहो, ते खोटे होते. त्या खोकल्याला महिना उलटून गेला होता.

घरी येऊन अंथरुणावर पडलो, पण झोप कसली लागते! आमच्या वस्तीतले विठ्ठलमंदिर म्हणजे एक लहानशी खोली आहे. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतो. वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसतात आणि तासभर मोठ्याने हरिपाठ चालतो. माझ्या उजव्या हाताला शेजाऱ्यांचा आठ वर्षांचा नातू टाळ घेऊन बसतो. डावीकडे एक मधुमेही म्हातारी असते. महिनाभर मी त्या दोघांच्या मध्ये बसून खोकत होतो. आणि मला ठाऊक काय नव्हते? रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनला क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हेही लिहीत आलो. मोठ्याने गाताना तोंडातून बारीक तुषार उडतात, हेही ठाऊक होते. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ माणसे जमली होती, त्यांतल्या ५३ जणांना करोना झाला आणि दोघे दगावले. ही हकीकत मीच आमच्या मंडळात वाचून दाखविली होती. भजन करणाऱ्या माणसाने ती वाचून दाखवावी आणि त्याच माणसाने महिनाभर खोकत भजनाला बसावे!

तेव्हा प्रश्न असा पडतो की, मला ते ठाऊक होते असे म्हणावे की नाही?

याची दोन उत्तरे पूर्वापार दिली जातात. एक असे की, माणसाला कळते, पण वळत नाही. पांडवगीतेत दुर्योधनाच्या तोंडी हेच घातले आहे: धर्म कोणता ते मी जाणतो, पण माझे पाऊल तिकडे पडत नाही, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे. दुसरे उत्तर असे की, जे आचरणात उतरले नाही ते ज्ञानच नव्हे, ती नुसती माहिती. आपल्या संप्रदायात हे दुसरे उत्तर फार आवडते. कीर्तनात ते शोभूनही दिसते. मीही ते अनेकदा दिले आहे. शब्दज्ञानी कोरडा, अनुभवी ओला, वगैरे वगैरे.

पण त्या रात्री मला या दुसऱ्या उत्तराची शंका आली. कारण त्यात आरोपीची सोय आहे. ‘मला खरे कळलेच नव्हते’ असे एकदा म्हटले की अपराध हलका होतो; अजाण माणसाला कोण बोल लावणार? आणि माझ्या बाबतीत ते खरेही नव्हते. महिनाभराचा खोकला त्या म्हातारीला असता, तर दुसऱ्याच दिवशी मी तिच्या मुलाला म्हटले असते, “अरे, आईला दवाखान्यात ने, थुंकी तपासून घे, फुकट होते.” नव्हे, मागे एका टाळकऱ्याला मी असे पाठविलेही आहे. म्हणजे ज्ञान होते, जिवंत होते, कामही करीत होते. फक्त ते दुसऱ्यांसाठी काम करीत होते. माझ्या ज्ञानात एक पळवाट होती आणि तिच्यावर एकट्या माझे नाव लिहिलेले होते.

ही पळवाट फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. इ. स. १८४७ ची व्हिएन्ना शहरातली हकीकत पाहा. तेथल्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात सुइणी काम करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी. आश्चर्य असे की, डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने कितीतरी अधिक बायका मरत. सेमेलवाईस नावाच्या तरुण डॉक्टरने कारण हुडकले: विद्यार्थी सकाळी प्रेते फाडून शिकत आणि त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये त्या कक्षात शंभरात अठरा बाळंतिणी मेल्या होत्या; जूनमध्ये हा आकडा दोनच्या आसपास उतरला. एवढा पुरावा पुढे असता डॉक्टरमंडळींनी त्याला डोक्यावर घेऊन नाचायला हवे होते. त्यांतल्या बहुतेकांनी त्याला झिडकारले. सद्गृहस्थाचे हात मृत्यू वाहून नेतात, हे म्हणणे त्यांना अपमानाचे वाटले. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

त्या काळी जंतूंची विद्या सिद्ध व्हायची होती, म्हणून त्यांना क्षमा करू. आज ती सिद्ध आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात धुण्याविषयीची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात देशोदेशींच्या पाहण्या एकत्र केल्या असता असे दिसले की, रुग्णालयात काम करणारी शिकलेली माणसेही हात धुवायला हवे अशा शंभर प्रसंगी सरासरीने चाळीस वेळाही हात धूत नाहीत. ही डॉक्टर आणि परिचारिकांची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या पोरांना काय बोलावे? पोरांच्या ज्ञानाच्या आणि सवयींच्या पाहण्या हल्ली पुष्कळ होतात. प्रश्नपत्रिका वाटायची, ज्ञान किती, मत काय, आचरण कसे, अशा खुणा करायला लावायच्या. मला या पाहण्यांची थट्टा करायची नाही; त्यांवाचून कोठे काय कमी आहे ते कळणार कसे? पण एक गंमत आहे. ‘तुम्ही शौचानंतर हात साबणाने धुता काय?’ या प्रश्नाला जितके होकार येतात, तितके धुणारे प्रत्यक्ष उभे राहून मोजले तर सापडत नाहीत. माणूस कागदावर आपले आचरण लिहीत नाही, आपले ज्ञानच दुसऱ्यांदा लिहितो. मी त्या मुलीला ‘आठ-दहा दिवस’ म्हणालो, ते असेच होते. बरोबर उत्तर काय असायला हवे ते मला ठाऊक होते, म्हणून ते दिले.

आता कोणी म्हणेल, ज्ञान राहू द्या, सवय लावा. आमची आजी कोठे शाळेत गेली होती? बाहेरून आलेल्याला पायांवर पाणी घेतल्यावाचून ती घरात येऊ देत नसे. पिण्याच्या पाण्यात हात बुडवणाऱ्याच्या हातावर पळी बसे. हे खरेच आहे. पण त्याच पिढीत बाळाची नाळ कसल्याही विळीने कापून तिच्यावर राख-शेण लावीत आणि आठव्या दिवशी बाळ धनुर्वाताने जाई, हेही खरे आहे. सवय आंधळी असते. तिला ज्ञानाचे डोळे हवेत आणि ज्ञानाला सवयीचे हात हवेत, इतके म्हणून सुटता येईल. पण माझी अडचण त्याहून निराळी आहे. डोळे होते, हातही धड होते. तरी काम झाले नाही. आड काय आले?

मला वाटते, आड आले ते आमचे सोवळे.

दचकू नका. ज्या स्वच्छतेत आम्ही वाढलो ती सोवळ्याची स्वच्छता. तिची दिशा बाहेरून आत असते. मी शुद्ध आहे. जगाचा मळ मला लागू नये. विटाळ नेहमी दुसऱ्याकडून येतो. याच समजुतीने चोखोबांना महाद्वारापाशी थांबविले. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण काढली, त्यांनाच अस्वच्छ ठरविणारी ही विलक्षण स्वच्छता! आणि ती गेली आहे असे समजू नका. २०२० साली दिवसभर रुग्णांची सेवा करून घरी परतणाऱ्या परिचारिकांना इमारतीत येऊ न देणारी शिकलेली माणसे कितीतरी शहरांत निघाली. त्यांनी पाठ केलेली रोगाची माहिती अचूक होती. फक्त ती सोवळ्याच्या साच्यात ओतली होती.

संसर्गाची विद्या याच्या उलट दिशेची आहे. ती म्हणते, मळ माझ्यापासूनही निघू शकतो. माझ्याकडून तुला काही लागू नये, म्हणून मी तोंडावर फडके बांधतो. करोनाच्या दिवसांत लोक ‘मला काही होत नाही’ म्हणून फडके हनुवटीवर ओढीत, तेव्हा त्यांना ही दिशाच समजलेली नसे. कापडी फडके बांधणाऱ्याला जितके सांभाळते त्याहून अधिक समोरच्याला सांभाळते. सेमेलवाईसचे म्हणणे डॉक्टरांना झोंबले ते याचमुळे. रोग्यापासून सावध राहा, असे तो म्हणाला असता तर सारे तयार होते. तो म्हणाला, तुमच्यापासून रोग्याला सांभाळा. आपण कोणाला तरी अपाय होण्याचे कारण असू शकतो, ही कल्पना माणसाला सोसत नाही. रोज कपाळाला बुक्का लावणाऱ्याला तर ती अधिकच सोसत नाही.

येथे एक शंका येईल. माझ्यापासून दुसऱ्याला लागू नये, दुसऱ्यापासून मला लागू नये, असे जो तो म्हणू लागला, तर आजाऱ्याजवळ कोण जाणार? शंका रास्त आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारपाशी ज्ञान होते. निदान लोकांपेक्षा अधिक होते. पण ते सोजिरांच्या बुटांनी घरात शिरले. माणसे उपटून छावण्यांत नेली, देवघरे तुडविली. लोक रोगापेक्षा तपासणीला भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यासाठी रोगी हुडकून आणीत होत्या. मुंढव्याकडचे एक प्लेग झालेले पोर त्यांनी पाठीवर घालून आणले, असे चरित्रकार लिहितात. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांना धोका ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? ज्ञान एकच. एका ठिकाणी त्याने माणूस दूर लोटला, दुसऱ्या ठिकाणी माणसाकडे जायची तयारी ठेवली. तेव्हा दोष ज्ञानाला देऊन चालत नाही. ते कोणाच्या बाजूने उभे आहे ते पाहावे लागते.

आणि दूर राहणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे वारकऱ्यांना कोणी शिकवायला नको. पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ ही एके काळी ठरलेली असे. लस टोचून घेण्याची सक्ती यात्रेकरूंवर होत असे. आणि २०२० साली तर वारीच पायी निघाली नाही. ३० जूनला पादुका एस. टी.च्या गाड्यांनी पंढरपुरास गेल्या, १ जुलैला आषाढी झाली आणि लाखो माणसे आपापल्या उंबऱ्याच्या आत राहिली. २०२१ सालीही तेच. ज्यांची चाळीस-चाळीस वर्षे वारी चुकली नव्हती, ती माणसे घरात बसून डोळे पुशीत होती. न जाणे हीच त्या दोन वर्षांची वारी होती, असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते. मीही त्यांतलाच. एवढे मोठे सुटले, पण दहा मिनिटांवरच्या आरोग्यकेंद्रात जाऊन डबीत थुंकणे जमले नाही! मोठा त्याग सोपा असतो की काय कोण जाणे. निदान तो दहाजण पाहतात.

असो. दुसऱ्या दिवशी गेलो. दोन वेळा थुंकी दिली, छातीचे चित्र काढले. निकाल येईपर्यंत देवळात गेलो नाही. ताप आहे असे न सांगता खरे कारण सांगून राहिलो. निकाल आला तो चांगला. क्षयाचे जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, दम्याच्या अंगाचा खोकला आहे, नळीने ओढायचे औषध घ्या. घरी सौभाग्यवतीने देवापुढे साखर ठेवली. टाळवाल्या पोराची आजी म्हणाली, “बघा बुवा, उगाच घाबरलात. काही नव्हतंच.”

काही नव्हतेच! हा शब्द मला लागला. निकाल उलटा आला असता, तर त्या आठ वर्षांच्या पोराला महिनाभर क्षयाच्या तोंडाशी बसविणारा मी अपराधी ठरलो असतो. आता मी निर्दोष ठरलो. परंतु माझे वागणे तर दोन्ही पक्षी एकच होते. गोल्डन नेस्ट चौकात एकाने तांबडा दिवा असताना गाडी हाकली आणि कोणी आडवे आले नाही. दुसऱ्याने तशीच हाकली आणि एक म्हातारा सापडला. कोर्टात दोघांना निरनिराळी शिक्षा होईल. व्हावीही, कारण म्हाताऱ्याच्या घरच्यांचे दुःख खरे आहे. पण पांडुरंगापुढे उभे राहिल्यावर पहिल्याने ‘माझ्या हातून काही झाले नाही’ असे म्हणावे काय? त्याच्या हातून जे झाले नाही, ते दैवाने झाले नाही.

मग प्रत्येक शिंकेला प्रायश्चित्त घ्यायचे काय? तसे केले तर जगणेच बंद पडेल. माणूस श्वास घेतो तेथे जंतू देतो-घेतो. यावर पुष्कळ विचार करून मला एक माप सापडले आहे; ते पक्के आहे असा माझा दावा नाही. जे टाळले ते करायला किती सोपे होते, यावर दोष मोजावा. माझी तपासणी फुकट होती, जवळ होती, वेळ माझ्यापाशी रिकामाच होता. म्हणून माझा दोष मोठा, निकाल काहीही येवो.

हे माप घेऊन मी पुन्हा त्या कॉलेजात गेलो. कोणी बोलावले नव्हते. त्या मुलांच्या पुढे उभा राहून सांगितले की, त्या दिवशी मी खोटे बोललो. खोकला महिन्याचा होता. थोडा वेळ कोणी बोलेना. मग तीच मुलगी म्हणाली, “सर, मला वाटलंच होतं. माझे आजोबा पण असंच म्हणायचे.” तिने पुढे काही सांगितले नाही. मीही विचारले नाही.

पण मास्तराने आधी कबुली दिली म्हटल्यावर पोरांची तोंडे उघडली. पहिल्या दिवशी जी अचूक उत्तरे मिळाली होती, त्यांच्या पाठीमागची खरी उत्तरे आता येऊ लागली. एकजण म्हणाला, अंगात १०२ ताप घेऊन मी वर्गात बसलो, कारण विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि माझी आधीच कमी भरत होती. दाखला आणायला डॉक्टरकडे जावे तर त्याचे पैसे. दुसरा संध्याकाळी घरोघर जेवणाचे डबे पोहोचवितो. एक दिवस गेला नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. तापाच्या अंगाने तो इमारतींचे जिने चढतो आणि दुसऱ्यांचे अन्न हातात देतो. तो म्हणाला, “सर, मला माहितेय ना. पण मग खोलीचं भाडं?” तिसऱ्याने सांगितले, घरात आईच्या मागच्या दुखण्यातली गोळ्यांची अर्धी पट्टी उरली होती, ती मी सर्दीला घेतली. प्रतिजैविकाने विषाणूची सर्दी बरी होत नाही आणि असे अर्धेमुर्धे घेत राहिल्याने जंतू मात्र त्या औषधाला पुरून उरायला शिकतात, हे त्याला पाठ होते. तरी घेतली, घरात होती म्हणून घेतली. याला मात्र मी रागावलो. माझे माप लावले तर हा माझ्याच पंगतीचा. पहिल्या दोघांना कोणत्या तोंडाने रागावू? त्यांनी जे टाळले ते सोपे नव्हते. तेथे दोषाचा मोठा वाटा उचलून हजेरीचा नियम करणाऱ्याच्या आणि आजारपणाची मजुरी कापणाऱ्याच्या पदरात घालावा लागतो. ते घेणार नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण पोराला ‘तुला कळत नाही’ असे म्हणणे हे तर उघड खोटे आहे.

डेंग्यूचा विषय निघाला तेव्हा तर गंमतच झाली. आमच्या गावाला खाडी आहे, मिठागरे आहेत. डास झाले की जो तो खाडीला शिव्या देतो. वस्तुतः डेंग्यूचा डास मुख्यत्वे घरातल्या साठवणीच्या गोड्या पाण्यात होतो आणि जन्मला तेथून फार लांब उडतही नाही. आणि हे पाणी आम्ही साठवितो कशाला? मिरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. स्टेमचे आणि औद्योगिक विकास महामंडळाचे पाणी यायचे, ते केव्हा येईल आणि किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही. सूर्या धरणाच्या पाण्याची वाट या शहराने वर्षानुवर्षे पाहिली. तेव्हा ज्या घरात पिंप नाही ते घर मूर्खाचे. एक मुलगी म्हणाली, “आई पिंप रिकामं करू देत नाही. म्हणते, उद्या पाणी आलं नाही तर तू आणून देशील?” आईचे काय चुकले? अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप कोरडे करायचे. आणि नुसते ओतूनही भागत नाही, कारण अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात व कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून घासायचे. हे सगळे त्या आईला सांगा आणि नळाला पाणी आणू नका! मी त्या मुलीला एवढेच म्हटले की, पिंप रिकामे होत नसेल तर जुन्या धोतराचे फडके दोरीने घट्ट बांध, आणि पाणी तळाशी येईल तो दिवस घासण्याचा धर.

एक पोरगा फार वेळ गप्प होता. तो शेवटी म्हणाला, “सर, तुम्ही वीस सेकंद साबणाने हात धुवा म्हणालात. आमच्या खालच्या मोरीत साबण कधी असतो का, ते बघितलंत का?”

मी बघितले नव्हते. चला म्हटले. सगळे मिळून गेलो. पाच नळ, त्यांतले तीन चालू, साबण नाही. त्याच भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचे रंगीत चित्र लावलेले. दोन वेळा मी त्या कॉलेजात व्याख्यान द्यायला गेलो आणि दोन्ही वेळा त्या मोरीवरून चालत गेलो. तेथे मला गाडगेबाबांची आठवण झाली. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. त्यांचे कीर्तन ऐकलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. पण त्यांचा क्रम सर्वांना ठाऊक आहे: गावात शिरले की आधी खराटा हाती, दिवसभर गाव झाडायचे, आणि कीर्तन रात्री. माणसे ऐकायला बसत तेव्हा त्यांनी दिवसभर तो खराटा पाहिलेला असे. मी खराट्यावाचून कीर्तन करून आलो होतो.

पोरांनी दहा-दहा रुपये काढले. मीही काढले. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत साबणाची वडी घालून ती नळाला बांधली, म्हणजे मोरीत पडत नाही आणि खिशात घालून नेताही येत नाही. पहिली वडी तरीही तिसऱ्या दिवशी चोरीला गेली, पिशवीसकट. दुसरी टिकली. मग कोणत्या आठवड्यात कोणी साबण आणायचा याचा एक कागद त्यांनी भिंतीवर त्या सात पायऱ्यांच्या चित्राखाली चिकटविला.

कार्तिकीनंतर मी सहज त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा आत डोकावलो. जाळी होती, पण रिकामी होती. कागदासमोर दोन पोरे उभी राहून भांडत होती. एक म्हणत होता, हा आठवडा तुझा आहे; दुसरा म्हणत होता, दिवाळीच्या सुटीचा आठवडा मोजायचा नाही. मला पाहून दोघेही म्हणाले, “सर, तुम्हीच सांगा.” मी चष्मा काढून तो कागद वाचू लागलो.